नावगाव : बाळ आला, बाळ आले, बाळ आलं



गेल्या वर्षी या सदरात आपण शेवटी 'कर' लागलेल्या आडनावांची गावं शोधली होती. त्यावर बरीच पत्रं आली, पण त्यातली निम्मी आडनावांबद्दल नव्हतीच, घरातल्या हाकेच्या नावांबद्दल होती. इथेच, लेस्टरमध्ये जन्मलेल्या एका मुलीनं विचारलं होतं, "आमच्याकडे दोन बाळ आजोबा होते. एक सख्खे, एक चुलत. बाळ म्हणजे बेबी ना? मग ऐंशी वर्षांच्या माणसाला सगळे बेबी का म्हणायचे? आणि त्यांची खरी नावं काय होती, ते घरात कुणालाच पटकन का सांगता येत नाही?"

पत्र इंग्रजीत होतं. उत्तर मराठीत देतो, कारण 'ळ' या अक्षरावाचून ते देता येणार नाही. मी आयुष्यभर विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं. भाषा हा माझा धंदा नव्हे, नाद आहे. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी, आणि सोबत फराळाचं ताट असू द्यावं.

पहिली गोष्ट, बाळ हा शब्द एक नाही, दोन आहेत. एक सामान्यनाम, म्हणजे तान्हं मूल. दुसरं विशेषनाम, म्हणजे आपले बाळकाका. कानाला दोन्ही सारखे लागतात, पण मराठी व्याकरण त्यांची गल्लत होऊ देत नाही. पाळण्यातलं बाळ नपुंसकलिंगी असतं, म्हणून 'बाळ आलं', 'बाळ रडलं'. धाकटा भाऊ बाळ पुल्लिंगी, म्हणून 'बाळ आला'. वयानं मोठे झालेले बाळकाका आदरार्थी बहुवचनात जातात, म्हणून 'बाळ आले'. क्रियापदाच्या शेपटावरून कळतं की दारात दुपटं आहे, जीन्स आहे की काठी आहे.

त्याहून बारीक फरक विभक्तीत आहे. 'बाळाला दूध दे' म्हटलं तर तान्ह्याला. 'बाळला चहा दे' म्हटलं तर साठीच्या गृहस्थाला. सामान्यनामाला प्रत्यय लागताना 'आ' मध्ये येतो, विशेषनामाला बोलताना आपण तो लावत नाही. ज्यांची मुलं शनिवारच्या मराठी शाळेत जातात त्यांनी हे वाक्य घरी करून पाहावं. मुलं हसतात, आणि सामान्यरूपाचा धडा फुकटात होतो.

तिसरं रूप हाकेचं, 'बाळा'. ते मात्र सर्वांचं आहे. आई मुलाला म्हणते तसंच मुलीलाही, आजी नातीला, शेजारीण शेजारच्या पोराला, आणि फोनवर भारतातली मावशी पन्नाशीच्या भाचीलाही. इथे वाढलेल्या बहुतेकांना बाळ हा शब्द याच रूपात भेटतो. म्हणून तो त्यांना इंग्रजीतल्या 'डार्लिंग'सारखा वाटतो, आणि कुणाचं नाव बाळ असू शकतं हे मोठेपणी कळलं की गंमत वाटते.

आता 'ळ'. संस्कृतात शब्द आहे 'बाल'. मराठीत येताना दोन स्वरांमधल्या 'ल'चा 'ळ' झाला. फलचं फळ, कमलचं कमळ, जलचं जळ, तसंच बालचं बाळ. पण मूळ संस्कृत रूपही मराठीत राहिलं, आणि दोघांनी कामं वाटून घेतली. पदवी, संस्था, छापील गोष्ट असेल तर 'ल': बालवाडी, बालभारती, बालगंधर्व, बालकवी. घरातली, अंगाला लागणारी गोष्ट असेल तर 'ळ': बाळसं, बाळगुटी, बाळंतविडा, बाळकडू. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात जी पदवी मिळाली ती 'बालकवी'. 'बाळकवी' म्हटलं असतं तर ते कुणाचे तरी धाकटे दीर वाटले असते. नारायण श्रीपाद राजहंस बालगंधर्व झाले, तेही 'ल' घेऊनच. 'ल' मध्ये कौतुक आहे, 'ळ' मध्ये कडेवर घेणं आहे.

एक शब्द मात्र यात मजेदार आहे, 'बाळबोध'. आपण ज्या देवनागरीत हे वाचताय तिला महाराष्ट्रात पूर्वी बाळबोध लिपी म्हणत. दफ्तरातली मोडी न उचलता, भरभर लिहिली जायची, ती वाचायला तालीम लागे. सुटं, स्वच्छ, लहान मुलालाही कळेल असं अक्षर ते बाळबोध. पुढे 'बाळबोध घराणं' असाही प्रयोग आला, म्हणजे साधं, सरळ, जुन्या वळणाचं. शब्द पाळण्यातून निघाला आणि लिपीवरून स्वभावापर्यंत पोहोचला.

मग माणसाचं नाव बाळ कसं होतं? वाटा दोन आहेत.

पहिली वाट कापण्याची. बाळकृष्ण हे नाव मोठं, म्हणून मागचा कृष्ण गळला आणि बाळ राहिला. देवघरात लोण्याचा गोळा हातात धरून रांगणारा पितळी बाळकृष्ण तुम्ही पाहिला असेल, नाव त्याचंच. इथे बाळ हे खरोखर छोटं केलेलं नाव आहे, रॉबर्टचा रॉब व्हावा तसं.

दुसरी वाट चिकटण्याची. मूल जन्मलं की बाराव्या दिवसाच्या बारशापर्यंत त्याला नाव नसतं, ते नुसतं बाळ असतं. बारशाला पुरुषोत्तम, केशव, वामन असं काहीतरी भरभक्कम नाव ठेवलं जातं, आत्या कानात 'कुर्रर्र' करते, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा बाळच म्हणू लागतात. शाळेच्या पटावर पुरुषोत्तम, घरात बाळ. धाकटं भावंड झालं तरी नाव सुटत नाही. अशा बाळचा बाळकृष्णाशी काही संबंध नसतो.

पण दिलेलं नाव वापरायचं सोडून लोक बाळ का म्हणत राहिले? नुसतं लाडानं नव्हे. त्यामागे एक कडक नियम होता, आणि तो कळला की जुन्या मराठी घरांतली बरीच कोडी सुटतात.

नियम असा. मुलाला बहुधा आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव ठेवायचं. आणि घरातल्या सुनांनी नवऱ्याचं, सासऱ्याचं, सासऱ्याच्या वडिलांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आलीच तर उखाण्यात, ते सुद्धा आग्रह झाल्यावर. आता सांगा, सासऱ्याचं नाव ठेवलेल्या पोराला त्याच्या आईनं जेवायला हाक कशी मारायची? "अरे केशव, इकडे ये" म्हटलं तर सासऱ्यांना हाक मारल्यासारखं होणार. म्हणून हाकेसाठी दुसरं नाव हवंच. नाना, अप्पा, तात्या, अण्णा, भाऊ, बंडू आणि बाळ ही सगळी नावं या गरजेला उपयोगी पडली.

पेशव्यांच्या घरात पाहा. पहिले बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले आणि १७२० साली वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचा नातू जन्मला, त्याला आजोबांचंच नाव मिळालं, बाळाजी बाजीराव. घरात आजी राधाबाई होत्या. गेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन त्या नातवाला हाक मारणार कशा? इतिहास या नातवाला ओळखतो तो 'नानासाहेब' म्हणून. नाना फडणवीसांचंही तेच. त्यांचं नाव बाळाजी जनार्दन भानू, आजोबांचं नाव बाळाजी महादेव. नातू पुन्हा नानाच. म्हणजे ज्या दोन 'नानां'शिवाय मराठी राज्याचा इतिहास लिहिता येत नाही, ते दोघेही कागदावर बाळाजी होते. आणि हे बाळाजी नाव तरी काय? राम, शिव, नाम यांना 'आजी' लागून रामाजी, शिवाजी, नामाजी झाले, तसा बाळचा बाळाजी. एकदा बाळ हे नाव इतकं पूज्य झालं, की ते टाळायला नाना शोधावा लागला!

टिळकांची गोष्ट उलटी आहे. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या या मुलाचं नाव ठेवलं होतं केशव, पणजोबांचं. हाकेचं नाव बाळ. पण इथे हाकेच्या नावानं पाळण्यातल्या नावाला कायमचं मागे टाकलं. शाळा, कॉलेज, वर्तमानपत्र, १९०८ चा राजद्रोहाचा खटला, सगळीकडे नाव लागलं ते बाळ गंगाधर टिळक. ब्रिटिश साम्राज्यानं ज्याच्यावर खटला चालवला आणि मंडालेला पाठवलं, त्या बावन्न वर्षांच्या माणसाचं सरकारी नाव बाळ होतं. १९१८-१९ मध्ये ते लंडनला येऊन राहिले. मेडा व्हेलजवळच्या हाउली प्लेसमधल्या त्या घरावर निळी पाटी आहे. वेळ काढून जरूर पाहून या. पाटीवर ना केशव आहे, ना बाळ. तिथे आहे लोकमान्य. एका माणसाची तीन नावं: एक घरच्या वाडवडिलांनी दिलेलं, एक आईनं हाक मारलेलं, आणि एक लोकांनी ठेवलेलं.

आता संख्याशास्त्राच्या माणसाला आवडणारा एक योगायोग. 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ६ जानेवारी १८३२ ला काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांचं पूर्ण नाव बाळ गंगाधर. टिळक रत्नागिरीचे, बाळ गंगाधर. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेस मुख्यमंत्री झालेले, आणि १९५२ मध्ये हाय कमिशनर म्हणून लंडनला आलेले बाळासाहेब खेर हेही रत्नागिरीचे, आणि तेही बाळ गंगाधर. शंभर वर्षांत एकाच पट्ट्यातून तीन बाळ गंगाधर! यातून काही सिद्ध होत नाही. एवढंच दिसतं, की कोकणात गंगाधरपंतांच्या घरी मुलगा झाला आणि त्याला बाळ म्हटलं, तर कुणाला नवल वाटत नसे. जाता जाता, 'दर्पण' द्विभाषी होतं, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. आपल्या या दिवाळी अंकाचं कूळ तिथपर्यंत जातं.

कवी मर्ढेकरांचं नाव पण बाळच. बाळ सीताराम मर्ढेकर. मराठीत आद्याक्षर घेताना आपण काना-मात्रेसकट घेतो, म्हणून ते झाले बा. सी. मर्ढेकर. आधीच दोन अक्षरांचं नाव, त्यातलंही एक वाचवलं! आणि ज्यांना वाटतं की हे नाव पुरुषांचंच, त्यांच्यासाठी: 'कळ्यांचे निःश्वास' हे पुस्तक १९३३ साली लिहून मराठी समाजाला हादरवणाऱ्या विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, माहेरच्या बाळूताई खरे होत्या.

इथवर सगळं गोड आहे. पण या नावात एक टोचणारी गोष्टही आहे, आणि दिवाळी असली तरी ती टाळू नये.

बाळ या नावाला पुढे काय लागतं ते पाहा. विद्वानाला शास्त्री लागतं, बाळशास्त्री. मान्यवराला साहेब लागतं, बाळासाहेब. आदरानं आणि मायेनं बोलायचं तर 'बा' लागतो. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा. मित्र 'बाळ्या' म्हणतात, त्यात हक्क असतो. पण तोच 'बाळ्या' मालकानं गड्याला म्हटला की त्यात हक्क दुसऱ्या प्रकारचा असतो. आपल्या गावांत केस पांढरे झालेल्या माणसाला पाटलाचं दहा वर्षांचं पोर 'गण्या', 'नाम्या', 'बाळ्या' म्हणायचं, आणि तो माणूस त्या पोराला 'धाकले मालक' म्हणायचा. व्याकरण तेच, 'या' तोच. कोण कुणाला म्हणतोय त्यावर लाड की अपमान ते ठरायचं. आणि ते बहुतेक वेळा जातीवर ठरायचं.

पालवणकर बाळू हे नाव आपल्या नव्या पिढीनं ऐकलं पाहिजे, कारण त्याचा आपल्या या देशाशी थेट संबंध आहे. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात मैदानाची देखभाल करता करता इंग्रज साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकू लागला. हिंदूंच्या संघानं त्याला घेतलं, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात चहा दिला जाई. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला. संघ बहुतेक सामने हरला, पण या एका माणसानं त्या उन्हाळ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. धावफलकावर नाव असायचं 'पी. बाळू'. एवढं करून त्याला हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही; ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं बाळूंना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभं केलं, आणि ते हरले. त्याच निवडणुकीनंतर दुसरे बाळ, खेर, मुंबई प्रांताचे प्रमुख झाले.

एक बाळासाहेब आणि एक बाळू. पाळण्यात दोघेही बाळच होते, दोघांच्या आयांनी तोच शब्द वापरला होता. पुढची शेपटं जगानं लावली. म्हणून इथे वाढलेल्या मुलामुलींना मी सांगतो, भारतात गेल्यावर घरी काम करणाऱ्या मावशींना, ड्रायव्हर काकांना, वॉचमनना घरातली मंडळी कशी हाक मारतात ते नीट ऐका, आणि तुम्ही कशी मारायची ते स्वतः ठरवा. 'काका' आणि 'मावशी' हे शब्द फुकट मिळतात.

आता इकडे, ब्रिटनमध्ये. नाव कापण्यात इंग्रज आपल्याला हरणारे नाहीत. विल्यमचा बिल, रिचर्डचा डिक, जॉनचा जॅक. प्रिन्स हॅरीचं नावही हेन्री आहे. बोरिस जॉन्सन जगाला बोरिस, पण घरच्यांसाठी अल, कारण पहिलं नाव अलेक्झांडर. म्हणजे घरात एक आणि बाहेर एक ही आपलीच खासियत नाही. फरक आहे तो दिशेचा. इंग्रजाचं छोटं नाव बाहेरही चालतं, पहिल्या भेटीत तो हात पुढे करून "कॉल मी बिल" म्हणतो. आपलं हाकेचं नाव बाहेरच्यांसाठी नसतं. ते देता येत नाही. ज्यांनी आपल्याला लहानपणी पाहिलं त्यांच्याकडेच ते असतं. ऑफिसात कुणी बाळकाकांना बाळ म्हणावं अशी त्यांची अपेक्षा नव्हती. त्यांना ते आवडलंही नसतं.

शिवाय अडचण उच्चाराची. रोमन लिपीत बाळ लिहिला की त्याचे तीन तुकडे होतात. इंग्रज तो 'बॅल' वाचतो किंवा 'बॉल'. पंजाबी शेजारी तो 'बल' वाचतो, कारण बलजीत, बलविंदर यांना इथे सर्रास बल म्हणतात. त्या बलचा अर्थ शक्ती, आपल्या बाळच्या अगदी उलट. आणि आपली स्वतःची नातवंडं 'बाल' वाचतात, म्हणजे हिंदीत केस. चार बोटं लांबीचं नाव, पण समुद्र ओलांडताना सुरक्षित आलं नाही.

म्हणून आपल्या पहिल्या पिढीनं सोपा मार्ग धरला. कागदावरचं नाव बाहेर, हाकेचं नाव घरात आणि भारताच्या फोनवर. पन्नास वर्षं हे चाललं. आता त्याची बाकी समोर येते आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्यातले एक जुने गृहस्थ गेले. नाव सांगत नाही, घरच्यांना आवडणार नाही. मुलांनी सगळं व्यवस्थित केलं. सुंदर छापील पत्रिका, फोटो, पूर्ण नाव, जन्माचं साल. ती पत्रिका भारतातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. दोनचार औपचारिक निरोप आले, बाकी शांत. मुलांना वाईट वाटलं, बाबा दरवर्षी गावच्या शाळेला पैसे पाठवत, आणि गावातून एक फोन नाही. तीन आठवड्यांनी एका वृद्ध बहिणीच्या लक्षात आलं. तिनं एक ओळ लिहिली, "अरे, आपला बाळ गेला." त्या रात्री फोन थांबले नाहीत. शाळासोबती, शेजारच्या वाड्यातले, नदीवर एकत्र पोहायला शिकलेले. त्यांनी पत्रिका पाहिली होती. पण पुरुषोत्तम नावाच्या कुणाला ते ओळखत नव्हते. त्यांचा बाळ होता.

मराठी वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तांत यासाठी एक छोटा शब्द असतो, 'ऊर्फ'. अमुक ऊर्फ बाळ तमुक. मूळ शब्द अरबी, फारसीवाटे आपल्याकडे आला. त्याच्या अर्थात 'रूढ असलेलं, लोकांना माहीत असलेलं' हे येतं. इंग्रजी फॉर्मवरचा 'एलियस' वाचला की पोलिसांनी पकडल्यासारखं वाटतं. 'ऊर्फ' मध्ये तसला वास नाही. तो एवढंच म्हणतो की या माणसाला ओळखणारे लोक होते.

हाच शब्द कोर्टकचेरीत उपयोगी पडतो, आणि इथे जरा व्यवहाराचं बोलू. गावच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव 'बाळा गणू' लागलेलं असतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'बाळकृष्ण गणपत'. पासपोर्टावर रोमनमध्ये तिसरंच स्पेलिंग. वारसाची नोंद करायची वेळ आली की तलाठी विचारतो, हे तिघे कोण? मग प्रतिज्ञापत्र, गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब, चकरा. ज्यांना ठाऊक होतं की बाळा गणू आणि बाळकृष्ण गणपत एकच, ते साक्षीदार तोवर राहिलेले नसतात. जमिनीचा तुकडा केवढा हा प्रश्न वेगळा. पण आपल्या आजोबांना आजोबा म्हणून सिद्ध करता येऊ नये, हे मनाला लागतं.

आणि दवाखान्यात. इथल्या फॉर्मवर 'तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारू' असा रकाना असतो. आपण तो बहुधा कोरा सोडतो, किंवा पासपोर्टावरचंच नाव पुन्हा लिहितो. आईवडिलांबरोबर जाणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे, तो रकाना भरा. म्हातारपणी ग्लानीत, तापात, विस्मरणात माणूस ज्या नावाला डोळे उघडतो ते पासपोर्टावरचं असेलच असं नाही. नर्सला 'ळ' येणार नाही. न येऊ दे. 'बाल' म्हणाली तरी पुरेल. ती निदान त्या माणसाच्या दारापर्यंत पोहोचेल.

आता नव्या पिढीकडे. बाळ हे नाव नव्या मुलांत जवळजवळ संपलं. मधल्या काळात पिंट्या, बंटी, सोनू येऊन गेले. आज आपल्या मंडळात सिद्धार्थचा सिड आहे, आदित्यचा आदी आहे, हृषीकेशचा रिशी आहे. कापताना अर्थ बदलतो, याची गंमत वाटते. आदित्य म्हणजे अदितीचा मुलगा, सूर्य. आदी म्हणजे सुरुवात. हृषीकेश म्हणजे इंद्रियांचा स्वामी; तो एका कात्रीत ऋषी झाला. तक्रार नाही. बाळकृष्णाचा कृष्ण आपणच कापला होता.

फरक एकच जाणवतो. सिड हे नाव त्याच्या शाळेतल्या मित्रांनी ठेवलं, आणि आता आईबाबाही तेच म्हणतात. म्हणजे घरात आणि बाहेर एकच नाव. यात सोय आहे, एक प्रकारचा मोकळेपणाही आहे. पोराला दोन आयुष्यं सांभाळावी लागत नाहीत. पण फक्त घरच्यांच्या तोंडी असलेलं असं एखादं नाव त्याच्यापाशी असावं, असं मला वाटतं. ते बाळच हवं असं नाही. काहीही चालेल, पण ते दुसऱ्या कुणाला माहीत नसावं.

तर लेस्टरच्या मुली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या आजोबांना बेबी म्हणत नव्हते. त्यांना बाळ म्हणत होते, आणि जे म्हणत होते त्यांनी त्यांना बेबी असताना पाहिलं होतं, किंवा तसं पाहिलेल्यांकडून ते नाव घेतलं होतं. खरं नाव पटकन कुणाला सांगता आलं नाही, कारण ते घरात कधी उच्चारलंच गेलं नाही. ते कुणाचं तरी आधीचं, मान राखायचं नाव होतं. दोन्ही आजोबांचं खरं नाव एकच निघालं तर नवल वाटून घेऊ नकोस. दोघांनाही एकाच पणजोबांचं मिळालेलं असू शकतं.

आता तुझ्यासाठी आणि सगळ्या वाचकांसाठी दिवाळीच्या सुटीतलं एक काम. एक कागद घ्या. चार रकाने करा. पहिल्यात पाळण्यातलं नाव, दुसऱ्यात कागदोपत्रीचं नाव आणि त्याची सगळी स्पेलिंगं, तिसऱ्यात हाकेचं नाव, चौथ्यात ती हाक कोण मारतं किंवा मारायचं. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापासून सुरुवात करा. भाऊबीजेला फोन होतीलच, तेव्हा विचारा. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. माझा अनुभव असा, की पन्नाशीपर्यंत तो भरलेला असतो, सत्तरीनंतर त्यातली नावं एकेक करून खोडावी लागतात. माझ्याही रकान्यात आता दोनच उरली आहेत. त्या दोघांना मी रविवारी फोन करतो. बोलायला फारसं काही नसतं. तब्येत, पाऊस, कोण कुठे. पण फोन उचलल्यावर पलीकडून जो पहिला शब्द येतो, त्यासाठी करतो.

पुढच्या वर्षी या सदरात बायकांच्या नावांबद्दल लिहायचं आहे, म्हणजे लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं नवीन नाव लिहिलं आणि माहेरचं नाव त्या दिवशी संपलं, त्या गोष्टीबद्दल. आपल्या आईचं, आजीचं माहेरचं नाव काय होतं, आणि ते नाव घेऊन त्यांना हाक मारणारं शेवटचं माणूस कोण होतं, हे ज्यांना आठवत असेल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवावं. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, चालेल.

शुभ दीपावली.